कॅमेऱ्याचं मॉडेल विचारलंय कुणी?

प्रश्न : ताई, मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय ३४. फोटोग्राफीचं वेड कॉलेजपासूनचं. आमच्या भागात निघणाऱ्या एका पाक्षिकाच्या संपादक काकांनी मला फोटोग्राफीवर लिहायला अर्धं पान दिलं. आठ लेख झाले. सेन्सरचे आकार, मेगापिक्सेल म्हणजे काय, कोणत्या लेन्समध्ये किती काचा, सगळं अभ्यास करून लिहिलं. प्रत्येक लेखासोबत माझा एक चांगला फोटो दिला. परवा काका म्हणाले, "अरे, तुझं पान कुणी वाचत नाही. लोक राशिभविष्य वाचतात आणि शब्दकोडं सोडवतात." खरंच एकाचाही फोन नाही, चिठ्ठी नाही. लोकांना हल्ली फक्त रील बघायचे असतात का? फोटोग्राफीच्या सदरातून वाचकांना हवं तरी काय असतं? की बंदच करू? कात्रणं आणि आठही फोटोंच्या प्रिंट सोबत पाठवतोय. जाता जाता, नवी ५० एमएम लेन्स घ्यावी का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमची आठही कात्रणं वाचली. दोनदा. तिसऱ्या लेखात सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पाटीच्या, लांबी-रुंदीचा तक्ता आहे, तिथे पहिल्या खेपेला माझा डोळा लागला, म्हणून चहा टाकून पुन्हा बसले. राग मानू नका. तक्ता बरोबर आहे. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, चूक काढायला जागा नाही. क्वालिटीतला माणूस लिहितोय हे कळतं. फक्त त्या तक्त्याचं मी काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

थोडं माझं सांगते, म्हणजे मी कुठल्या तोंडानं बोलतेय ते कळेल. मेनरोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचा छोटा स्टुडिओ होता. यजमान फोटो काढायचे, मी आत लाल दिव्यात, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात प्रिंट धुवायची. दुपारी ते जेवायला गेले की काउंटर माझ्याकडे. सत्तावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं "तुमचा कॅमेरा कुठला" असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचे ते असं : "डोळे मिटलेत का हो?" "साडीचा काठ आलाय ना?" "पासपोर्टचा आहे, उद्या सकाळी मिळेल?" "आमच्या दादांचा एवढाच फोटो आहे, लग्नातल्या घोळक्यातला. त्यातून त्यांचा एकट्याचा मोठा करून द्याल?" हा शेवटचा प्रश्न आला की समजायचं, दादा गेले. तेराव्याच्या आत फ्रेम करून द्यायची, हार घालायला.

तुमच्या पानाचे वाचक हेच लोक आहेत. आता कॅमेरा त्यांच्याच खिशात आलाय आणि अडचणी तिथल्या तिथेच आहेत. तुमचा सुरेख फोटो बघून ते "वा" म्हणतात आणि शब्दकोड्याकडे वळतात, कारण तिथे निदान त्यांना काही भरायला मिळतं.

मी एक उद्योग केला. तुमची कात्रणं पिशवीत घातली आणि ओळखीच्या चौघांना गाठलं. लेख वाचायला दिले नाहीत, एवढंच विचारलं, "फोटो काढताना तुझं काय अडतं?"

पहिला माझा भाचा. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. व्यापारी आधी फोनवर फोटो मागतात. तो म्हणाला, "मावशी, बागेत माल सोन्यासारखा दिसतो आणि फोटोत कैरीसारखा हिरवागार. व्यापारी म्हणतो, अजून कच्चा आहे." आता हे तुमच्या पाचव्या लेखातलं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग जुळवणं, बरं का. तुम्ही तिथे उजेडाच्या रंगाचे, केल्विनचे आकडे दिलेत. भाच्याला केल्विन नको होता. त्याला सांगायचं ते इतकंच की मांडवाखाली जो उजेड येतो तो पानांतून गाळून येतो, म्हणून तोच हिरवा असतो. आपला डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, फोनला ते धड जमत नाही. घड तोडून बागेबाहेर बांधावर आण, ऊन नको, पण वर मोकळं आभाळ हवं. मागे पांढरा कागद धर, शेजारी पट्टी ठेव, म्हणजे मणी किती एमएमचा ते वेगळं सांगायला नको. घड देठानं धरायचा, बोटं लागली की मण्यावरची पांढुरकी झाक पुसते आणि फोटोत डाग दिसतात, हे उलट त्यानंच मला शिकवलं. व्यापाऱ्यानं भाव काही वाढवून दिला नाही. कच्चा आहे म्हणायचा मात्र थांबला.

दुसरी शेजारची कॉलेजातली मुलगी. तिला रहाडीतला धप्पा हवाय. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला सांगायला नको, पण हे सदर बाहेरगावीही जातं म्हणून सांगते : रहाड म्हणजे जुन्या नाशकातले पेशवेकाळापासूनचे दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. पोरीच्या फोनमध्ये गेल्या दोन वर्षांचे मिळून साठ-सत्तर फोटो आहेत. सगळ्यांत लोकांची डोकी आणि वर केलेले फोन. तिचा प्रश्न, "काकू, उभी कुठे राहू?" बघा, आठ लेखांत तुम्ही एकदाही कुठे उभे होतात ते लिहिलेलं नाही! मी तिला म्हटलं, आदल्या संध्याकाळी जाऊन चौकातल्या एखाद्या वाड्याची गॅलरी बघून ठेव, घरच्या बाईला विचार, त्या नाही म्हणत नाहीत. फोन पारदर्शक पिशवीत घाल. उडी मारणारा हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो, तो दिसल्यावर बटण दाबशील तर फक्त शिंतोडे मिळतील. हौदाच्या काठावर फोकस धरून ठेव आणि त्याचे गुडघे वाकले की बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ फोटो, सुरू कर.

मिसळवाला तिसरा. त्याचं दोन मिनिटांत झालं. गिऱ्हाइकं वरून फोन धरतात, फोनचीच सावली रश्श्यात पडते. वाटी खिडकीकडे सरकवा, उजेड समोरून येऊ द्या, तर्री चमकते.

चौथे आमचे जुने शेजारी, नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटातून तीन अल्बम काढले. चिकट पानांवर फोटो चिकटवून वरून प्लॅस्टिक ओढायचं, तसले. एके काळी आम्हीच विकलेत, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्या पानांचा गोंद वर्षांनुवर्षं फोटोला पिवळा पाडतो, आणि ओढून काढायला जावं तर कागद फाटतो. त्यांना हे फोटो अमेरिकेतल्या नातवाला पाठवायचे होते. त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत मधोमध ट्यूबलाइट दिसत होती आणि तिच्या मागे कुठेतरी त्यांची आई.

आम्ही दुपारभर बसलो. ट्यूब बंद, फ्लॅश बंद. अल्बम खिडकीशेजारी टेबलावर, ऊन थेट पडणार नाही असा, उजेड बाजूनं. प्लॅस्टिक जिथे सहज उठलं तिथे उचललं, जिथे धरून बसलं होतं तिथे हात लावला नाही. मी काळी ओढणी घेऊन फोनच्या मागे पडद्यासारखी उभी राहिले, कारण चकाकी येते ती आपल्याच पांढऱ्या शर्टाची आणि छताची. फोन फोटोच्या अगदी डोक्यावर, समांतर. चारही कडा सरळ दिसेपर्यंत हलवायचा. फार जवळ जायचं नाही, थोडं वर धरून दोनपट झूम करायचा, म्हणजे कडा फुगत नाहीत. एकेक फोटो दोनदा. काकू शेजारी वही घेऊन बसल्या, कोण कुठल्या ओळीत ते लिहायला. तिसऱ्या अल्बममध्ये एक मुंज निघाली, तिच्यात उभ्या असलेल्या एका बाईचं नाव दोघांनाही आठवेना. काकूंनी देवळालीला नणंदेला फोन लावला, तिनं ओळखलं, मग तिथून तासभर गप्पा. ती नणंद ८१ वर्षांची आहे.

हा तुमचा दहावा लेख. नववा शेवटी सांगते. लिहून बघा, फोन येतात की नाही.

आता तुमच्या फोटोंकडे येते. दुसरा फोटो काळारामाचा. खाली लिहिलंय : १/१२५, एफ ८, आयएसओ २००. फोटोत मंदिर राखाडी आलंय, सिमेंटचं असावं तसं. सरदार ओढेकरांनी ते काळ्या दगडात बांधलं आणि तुम्ही ते पांढरं केलंत! ते कशानं झालं हे तुम्हाला माहीत आहे, मीटरिंगच्या, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्या, लेखात तुम्हीच लिहिलंय, पण हा फोटो पुढ्यात असून त्याच्याशी सांगड घातली नाहीत. कॅमेऱ्याला काळा दगड आणि अंधार यांतला फरक कळत नाही. त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो वाढवतो, काळ्याचा राखाडी होतो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पांढऱ्या बगळ्याच्या बाबतीत बरोबर उलटं, तिथे तो उजेड कमी करतो आणि बगळा मळका दिसतो. म्हणून काळ्याला एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करा, पांढऱ्याला वाढवा. फोनवाल्यानं पडद्यावर दगडाच्या जागी बोट टेकवून शेजारी उमटणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. असे दोन फोटो शेजारी छापा, एक राखाडी, एक काळा. तक्त्याची गरज पडणार नाही.

आणखी एक. त्याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. फोटोखालच्या ओळीत त्याचा उल्लेख नाही, एफ ८ चा आहे. जागा एकाच ओळीची होती, मान्य.

पाचवा फोटो गोदावरीच्या पुराचा. पाणी रेशमासारखं आलंय, पाव सेकंद शटर, फिल्टर, सगळं जमलंय. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात लोक थांबून बघतील. पण नाशिककर त्या फोटोत काय शोधेल? मी काय शोधलं सांगू? दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली ती उंच मूर्ती. पाऊस लागला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडे कोणी क्युसेक विचारत नाही. "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघे, कंबर, छाती, गळा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पुलावरून हेच बघत उभे होतो. तुम्ही कॅमेरा दोन पावलं डावीकडे नेला असतात तर मारुती फ्रेममध्ये आला असता. तुम्ही तो मुद्दाम टाळलात असं मला वाटतं, 'फ्रेम स्वच्छ ठेवायला'. वाचकाला त्या फोटोत मोजमाप हवं होतं, ते तुम्ही बाहेर ठेवलंत.

सहावा, चित्रबलाक. सुंदर. त्यासाठी लागलेल्या १५०-६०० लेन्सचं वर्णन पाऊण लेख. ती लेन्स तुमच्या पाक्षिकाच्या किती घरांत असेल? नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालं, तासाभराच्या अंतरावर आहे आणि नाशकातल्या निम्म्या लोकांनी बघितलेलं नाही. त्यांना सांगा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, उजाडायच्या आत पोहोचा, निफाडची थंडी आहे, कानटोपी विसरू नका. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. दुर्बिणीच्या काचेला फोन टेकवून पक्षी टिपता येतो, हात स्थिर हवा इतकंच. आणि वाटेत थंडीचा कडाका असेल तर बागांतून शेकोट्यांचा धूर दिसतो, द्राक्षं वाचवायला पेटवलेल्या. तो तर नुसत्या फोनवर मिळतो.

तुम्ही राहता इंदिरानगरला, म्हणजे पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक पायाखालचं. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकचा, १८७० चा. चित्रपट काढायचा तर पैसा हवा, आणि १९१२ साली सावकाराला चित्रपट म्हणजे काय हे समजावणं सोपं नव्हतं. लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा त्यांच्याकडे होता, त्याची कळ न कळ त्यांना पाठ असणार. तरी त्यांनी दाखवला तो कुंडीतला वाटाणा. महिनाभराहून जास्त, रोज थोडं थोडं चित्रण, आणि मग मिनिटभरात पडद्यावर कोंब मातीतून वर येऊन वेल होताना. पैसे उभे राहिले. तुमचा वाटाणा कुठाय, एवढंच मी विचारतेय.

रीलला उगाच दोष देऊ नका. माझी सून रील बघूनच पोराचे न हललेले फोटो काढायला शिकली.

आठ लेखांत एकही फसलेला फोटो नाही, हे मला खटकलं. वाचकाचा रोज फसतो, तुमचा कधीच नाही, मग तो तुमच्याशी बोलणार कसा? आमचं सांगते. पंचवटीतलं एक लग्न, यजमानांनी मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत छत्तीस फोटो काढले. कॅमेऱ्यावरचा नंबर पुढे सरकत होता, रोल सरकत नव्हता. सुरुवातीलाच त्याची जीभ, म्हणजे पुढचं टोक, कॅमेऱ्यातल्या दात्यांवरून सुटली होती. धुतल्यावर कोरी पट्टी. ते दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी नवरानवरीला स्टुडिओत बोलावलं, पुन्हा मुंडावळ्या बांधल्या, अक्षता आम्हीच टाकल्या. नवरी इतकी हसत होती की एकही फोटो गंभीर आला नाही, आणि तिच्या सासूनं तोच हसरा मोठा करून घेतला. त्या दिवसापासून रोल घातला की उलट गुंडाळायची कळ फिरतेय का ते आम्ही दर वेळी बघायचो. ही गोष्ट मी स्टुडिओत शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगितली. शटर स्पीडचे आकडे त्यांतले निम्मे विसरले, ही कळ कुणी विसरला नाही.

सातव्या फोटोबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. रामकुंडावर नुकतंच डोकं भादरलेला माणूस, ओल्या पंचात, तोंड हातात धरून रडतोय. शीर्षक दिलंत 'भाव'. त्याला विचारलं होतंत का? तो कुणाच्या तरी दशक्रियेला आला होता, मॉडेलिंगला नव्हे. तुमचं पाक्षिक ज्या घरांत जातं, त्यातल्या एखाद्यात त्याची बहीण असू शकते. आपलं गाव वाढलं तरी नातेवाइकांच्या हिशेबात लहानच आहे. माझ्याकडूनही हे एकदा झालंय. दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, वडिलांचं करायला बसलेला, भटजी सांगतील तसा पिंडावर पाणी सोडणारा. मी बटण दाबलं आणि त्यानं वर बघितलं. रोल धुतला, निगेटिव्ह लाल दिव्यात धरून पाहिली, फोटो विलक्षण होता. प्रिंट मी आजतागायत काढलेली नाही. निगेटिव्ह आहे कुठेतरी ट्रंकेत. तुम्ही पुढच्या अंकात तो फोटो परवानगीशिवाय छापल्याचं सरळ लिहा. माझ्या अंदाजानं ते पान वाचलं जाईल.

तर बंद करू नका. काकांकडे अर्ध्या पानातला तळचा चौकोन मागून घ्या, तिथे दर अंकात एका वाचकाचा बिघडलेला फोटो छापायचा, त्याच्या परवानगीनं आणि नाव न देता, आणि तो कसा सुधारला ते शेजारी. बुधवारी सकाळी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात तासभर फिरलात तर पहिले दहा फोटो तिथेच मिळतील. भाजीवाल्यांकडेही फोन आहेत, त्यांनाही नातवंडं आहेत.

राहता राहिली लेन्स. तुमच्या आठही प्रिंट मी खिडकीपाशी ओळीनं मांडल्या होत्या. पुराच्या फोटोत वर, उजव्या कोपऱ्यात आभाळात एक करडा ठिपका दिसला. म्हटलं, घार. मग काळारामाच्या शिखराशेजारी तीच घार, त्याच जागी. चित्रबलाकाच्या मागे पुसट, पण आहे. सेन्सरवर धूळ बसलीय तुमच्या. पुरात ती सगळ्यात ठळक, कारण शटर लांबवायला तुम्ही ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक केलंत. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा, फोकस मुद्दाम घालवून, आणखी किती निघतात बघा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअरनं जातेय का बघा, नाही गेली तर सर्व्हिसला द्या. लेन्सचे पैसे तूर्त राहू देत. नववा लेख याच ठिपक्यावर लिहा, प्रत्येक फोटोत त्याच्याभोवती गोल काढून. एका बाईला ती घार वाटली होती, हेही लिहायला हरकत नाही.